पालकांचा फोन नंबर नेमका कसा लिहायचा? शून्य, +९१ आणि इंटरनेटवरचा फोन



जूनमध्ये शाळा भरली की आपण सगळेच एक काम करतो. पालकांचे फोन नंबर गोळा करायचे. कुणी चिठ्ठीवर देतं, कुणी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठवतं, कुणी गेटवरूनच तोंडी सांगून जातं. माझ्या चौथीच्या वर्गात आलेले नंबर एकदा समोर ठेवून बघितले. काहींनी नुसते दहा अंक दिलेले. काहींनी आधी शून्य लावलेलं. काहींनी ९१ लावलेले, पण अधिक चिन्ह नाही. एकाने +९१ लिहून त्यापुढे पुन्हा शून्य. एक नंबर ०२५३ ने सुरू होणारा, कंपनीचा, आणि पुढे "एक्स. २१४". दोघांनी तर एकाच नंबरात काही आकडे मराठी, काही इंग्रजी लिहिलेले.

गंमत म्हणजे यातला जवळजवळ प्रत्येक नंबर कुठून तरी लागतो. प्रश्न आहे तो "कुठून" याचा.

वर्गातल्या एका मुलाचे वडील दुबईला कामाला आहेत. आई अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, तिथे फोन आत नेता येत नाही. घरी आजी. आईने वडिलांचा नंबर लिहून दिला तो ०५ ने सुरू होणारा, मोजून दहा अंकी. आपल्या फॉर्ममध्ये मोबाइलसाठी दहाच चौकोन असतात, त्यात तो अगदी नीट बसतो. पण तो नाशिकमधून लागणार नाही. कारण संयुक्त अरब अमिरातीतले मोबाइल नंबर तिथल्या तिथे लावताना शून्य धरून दहा अंकी होतात. बाहेरून लावायचा तर ते शून्य काढून त्याजागी ९७१ हवं, म्हणजे एकूण बारा अंक. बारा अंक आपल्या चौकोनांत मावत नाहीत. जो नंबर मावतो तो लागत नाही आणि जो लागतो तो मावत नाही, असा हा प्रकार. मुलाला वर्गात फणफणून ताप आला तर आपण याच रकान्याकडे धावणार ना? म्हणून मी या विषयाच्या जरा मागे लागले. माझे धाकटे दीर कंपन्यांमध्ये इंटरकॉम आणि इंटरनेटवरचे फोन बसवण्याची कामं करतात, त्यांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. त्यातलं आपल्या कामाचं इथे मांडते.

सुरुवात शून्यापासून करू. तुमच्यापैकी अनेकांना पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. भारतात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरला मध्ये न घेता थेट परगावी फोन, १९६० साली कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत सुरू झाला. परगावचा फोन लावताना आधी शून्य दाबायचं. ते शून्य हा नंबरचा भाग नाहीच. ती यंत्राला केलेली सूचना आहे, "आता मी गावाबाहेर बोलणार आहे." नाशिकचा कोड आपण ०२५३ म्हणतो, पण खरा कोड २५३. मुंबईचा २२. मालेगावचा २५५४, सिन्नरचा २५५१, निफाडचा २५५०. आता हे मुलांसमोर मांडून बघा. मुंबईचा कोड दोन अंकी, तिथला नंबर आठ अंकी. नाशिकचा कोड तीन अंकी, नंबर सात अंकी. मालेगावचा कोड चार अंकी, नंबर सहा अंकी. दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा. पहिलीत शिकवलेल्या "दहाच्या जोड्या" फळ्यावर आपोआप तयार होतात! आमच्या वर्गात हे एका मुलीने माझ्या आधी ओळखलं.

मोबाइलचे अंकही दहाच. पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबणं सक्तीचं झालं. शाळेच्या ऑफिसात लँडलाइन असेल तर तुम्ही ती रेकॉर्ड केलेली सूचना ऐकली असेल. कारण अगदी गणिती आहे. लँडलाइनवर पहिला अंक दाबला की यंत्राला ठरवावं लागतं, हा गावातला नंबर की मोबाइल? सगळ्या मोबाइलना शून्याचं वेगळं दार दिलं की नव्या नंबरांसाठी जागा मोकळी होते. सरकारने तेव्हा जवळपास २५४ कोटी जास्तीचे नंबर उपलब्ध होतील असं सांगितलं होतं.

म्हणजे शाळेच्या लँडलाइनवरून शून्य लागतंच. मोबाइलवरून लावलं तरी चालतं, नाही लावलं तरी चालतं. आणि दुबईहून नाशिकला फोन करताना +९१ च्या पुढे ते शून्य घातलं तर नंबरच चुकीचा होतो. आपल्या मुलाच्या शाळेचा नंबर त्या वडिलांनी ०२५३ असा सेव्ह करून ठेवला असेल तर तो तिथून निरुपयोगी आहे.

मग पूर्ण नंबर म्हणजे काय? गावात "पिंपळाजवळचं घर" म्हटलं की कुणीही दाखवतं. तालुक्याला गेलं की गावाचं नाव सांगावं लागतं. पत्रावर मु. पो., ता., जि. सगळं लिहावं लागतं. आपल्या पिनकोडचं तसंच. टपाल आणि तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढायला. त्यातला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पुढचे अंक जागा आणखी बारीक करत नेतात. शिक्षकांना आणखी जवळचं उदाहरण म्हणजे यूडायस कोड. अकरा अंक: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शाळा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचा कोड २७२० ने सुरू होतो. २७ महाराष्ट्र, २० नाशिक. डावीकडून उजवीकडे मोठ्याकडून लहानाकडे.

फोन नंबरचा यूडायस म्हणजे ई.१६४ नावाचा नियम. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा. त्यानुसार जगातल्या कुठल्याही फोनचा पूर्ण नंबर जास्तीत जास्त पंधरा अंकी असतो आणि सुरुवातीला एक ते तीन अंकी देशाचा कोड. भारत ९१, पाकिस्तान ९२, श्रीलंका ९४, नेपाळ ९७७, अमिरात ९७१. इथे मुलांना एक कोडं घाला: "९१ आपला, मग ९१५ कोणत्या देशाचा?" उत्तर: कुणाचाच नाही, आणि असू शकत नाही. ९१ एकदा दिल्यावर ९१ ने सुरू होणारा दुसरा कोड द्यायचाच नाही. आणि ९७ हा एकटा कोणालाच दिलेला नाही म्हणून ९७१, ९७७ देता आले. त्यामुळे मध्ये डॅश, रिकामी जागा काही नसलं तरी यंत्र डावीकडून वाचत जातं आणि देश कुठे संपला ते त्याला कळतं. मोठ्या संख्या वाचताना स्वल्पविराम लागणाऱ्या आपल्या मुलांना याचं फार नवल वाटतं.

आणि ते अधिक चिन्ह? "यापुढे देशापासून पूर्ण नंबर सुरू होतो" एवढंच ते सांगतं. भारतातून परदेशी लावताना ०० दाबावं लागतं, अमेरिकेतून ०११. मोबाइलमध्ये + ठेवलं की जिथे असू तिथलं योग्य ते फोन स्वतः लावतो. ९१ लिहिलं पण + नाही लिहिलं, तर ते देशाचे ९१ की नंबरच ९१ ने सुरू होतोय हे कळायला मार्ग नाही. आपल्याकडे ९१ ने सुरू होणारे मोबाइल नंबरही आहेत!

(एक गंमत. शून्य नेहमीच काढायचं असतं असंही नाही. इटलीत १९९८ पासून लँडलाइनचं शून्य नंबरचाच भाग धरतात. रोमला फोन करताना +३९ नंतर ०६ च लावायचं. तेव्हा "शून्य दिसलं की उडव" असा सरसकट नियम यंत्राला शिकवता येत नाही.)

आता इंटरनेटच्या फोनकडे येऊ. अनेकांना वाटतं इंटरनेट फोन म्हणजे फक्त व्हॉट्सॲप कॉल. तसं नाही. ४जी मोबाइलवरून तुम्ही साधा कॉल लावता, तोही बहुतेक वेळा आतून इंटरनेटच्याच पद्धतीने, डेटाच्या छोट्या छोट्या तुकड्यांतून जातो. २०१६ मध्ये जिओ आलं ते याच पद्धतीवर, जुन्या पद्धतीचा आवाजाचा रस्ता त्यांच्याकडे नव्हताच. २०१८ मध्ये बीएसएनएलने "विंग्ज" जाहीर केलं. सिमशिवाय, ॲपवरून फोन, पण नंबर मात्र नेहमीसारखा दहा अंकी. या सगळ्याच्या आत कॉल जोडून देण्याची जी पद्धत आहे तिचं नाव सिप. (म्युच्युअल फंडातली एसआयपी नव्हे, स्टाफरूममध्ये हा गोंधळ झालाच!) तिचे आजही चालणारे मूळ नियम २००२ साली प्रसिद्ध झाले.

सिपमध्ये फोनचा पत्ता ईमेलसारखा असतो. आधी कोण, मग @, मग कुठे. डावीकडे नाव चालतं, पण आपली बोटं नंबर दाबायला सरावलेली, म्हणून तिथे फोन नंबरही घालतात. आणि इथेच अडचण सुरू होते. @ च्या डावीकडे नुसतं २१४ दिसलं, तर तो फोन नंबर, की कंपनीच्या आतलं एक्स्टेंशन, की कुणाचं तरी आकड्यांतलं नाव?

मी हे वर्गात करून बघितलं. आमच्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या आहेत. एका मुलाला पोस्टमन केलं आणि चिठ्ठीवर फक्त "१७" लिहून दिलं. पोस्टमन दारात उभा राहिला. आमच्या वर्गातला १७ हजेरी क्रमांकाचा मुलगा हात वर करतोय, शेजारच्या तुकडीतही १७ आहेच, आणि मागून एक जण ओरडला, "मॅडम, माझ्या रिक्षाचा नंबर पण १७ आहे!" मग चिठ्ठीवर लिहिलं: १७@चौथी-अ. पोस्टमन न विचारता बरोबर पोचला. पण रिक्षाचा १७ अजून शिल्लक होता. शेवटी मुलांनीच ठरवलं की चिठ्ठीवर "हजेरी" असा शब्दही लिहायचा. सिपच्या नियमांत नेमकं हेच केलेलं आहे. डावीकडचा आकडा खरा फोन नंबर असेल तर पत्त्याच्या शेवटी "हा फोन आहे" अशी खूण जोडायची. आपला नाशिकचा लँडलाइन असेल तर पत्ता +९१२५३ पासून सुरू होतो, मग @, मग फोन सेवा देणाऱ्याचं ठिकाण, मग ही खूण.

दीर एकदा म्हणाले, "वहिनी, जुन्या फोनला गाव होतं, याला गावच नाही." मला हे फार पटलं. जुना लँडलाइन भिंतीतल्या तारेला बांधलेला. सात अंक दाबले की एक्स्चेंजला ठाऊक असायचं, हा माणूस नाशिकमध्ये बसलाय, त्याला नाशिकचाच नंबर हवाय. इंटरनेटचा फोन मात्र उचलून पुण्याच्या ऑफिसात नेऊन लावला तरी त्याचा नंबर तोच राहतो. मग त्यावरून कुणी नाशिकच्या सवयीने सात अंक दाबले तर? पुण्यात नंबर आठ अंकी, तिथे हे सात अंक अर्धवट. म्हणून कॉल पुढे पाठवण्याआधी कुणीतरी तो पूर्ण करावा लागतो. फोनने किंवा मधल्या यंत्राने. दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडताना त्यांचा निम्मा वेळ यातच जातो म्हणे. एक यंत्र ०२५३ पाठवतं, दुसरं +९१२५३ ची वाट बघतं. कॉल जातो, पण समोर उमटलेल्या नंबरवर उलट फोन केला की लागत नाही.

डॅशचंही असंच. वेबसाइटवरच्या फोन नंबरला बोट लावलं की डायल पॅड उघडतं ना, त्यामागे "टेल" नावाचा पत्त्याचा प्रकार असतो, त्याचे सध्याचे नियम २००४ चे. त्यात वाचायला सोपं जावं म्हणून डॅश, टिंब, कंस चालतात, दोन नंबर तेच आहेत का हे बघताना ते वगळतात. रिकामी जागा मात्र चालत नाही. सिपच्या पत्त्यात मात्र डावीकडचा भाग अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. डॅश असलेला आणि नसलेला हे दोन वेगळे पत्ते! म्हणून एकातून दुसऱ्यात नेताना आधी सगळे डॅश काढून टाका, अशी शिफारस नियमातच आहे. व्हॉट्सॲपच्या लिंकचा तिसराच कायदा: देशाच्या कोडपासून नंबर हवा, पण +, शून्य, डॅश यांपैकी आधी काहीही नको. शिवाय व्हॉट्सॲपमध्ये ओळख म्हणून नंबर आपला फोनचाच वापरतात, पण त्यावरून साध्या लँडलाइनला कॉल लावता येत नाही. आणि अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल सहसा लागतच नाहीत, मेसेज जातात. "व्हॉट्सॲप आहे की मॅडम" असं आपल्याला पालक सांगतात तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता आपल्या रोजच्या कामातल्या दोन गोष्टी. पहिली एक्सेल. ०२५३ टाईप केलं की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. +९१ लावून नंबर टाकला तर + गायब. बारा अंकी नंबर तर बघता बघता ९.१९ई+११ असा काहीतरी होऊन बसतो. उपाय सोपा आहे, नंबर भरण्याआधी पूर्ण रकाना निवडून तो "टेक्स्ट" करायचा. भरल्यानंतर करून गेलेलं शून्य परत येत नाही. फोन नंबर ही संख्या नाहीच मुळी. त्याची बेरीज करायची नसते, त्यात एकक-दशक नसतं. चौथीतल्या मुलांना विचारा, "फोन नंबरातल्या ७ ची स्थानिक किंमत काय?" मजेशीर उत्तरं येतात, आणि चर्चाही चांगली होते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपला १ घाईत लिहिला तर इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ इंग्रजी आठसारखा. आपला ७ उलटा धरलेला इंग्रजी सहा वाटतो. शून्य मात्र दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे वाचणाऱ्याला हा नंबर कोणत्या आकड्यांत आहे याचा पत्ता लागत नाही. हा लेख मी मराठी आकड्यांत लिहिला आहे आणि वर्गात मराठी आकडे हवेतच, त्याबद्दल माझं ठाम मत आहे. पण टेल आणि सिपचे नियम इंग्रजी आकडेच ओळखतात. म्हणून संपर्काच्या चिठ्ठीवर मी पालकांना फक्त इंग्रजी आकडे लिहायला सांगते, आणि आजी-आजोबांना ते जमत नसेल तर नंबर अक्षरी लिहायला सांगते: नऊ, आठ, दोन... त्यात चूक होत नाही.

तर पालकांसाठी मी आता दोन रकाने ठेवते. एक ऑनलाइन फॉर्मसाठी, दहा अंकी. दुसरा खरा, + पासून पूर्ण. या दुसऱ्या रकान्यातला नंबर मोबाइलवरून नाशिकमधूनही लागतो आणि दुबईहूनही. शाळेच्या लँडलाइनवर + नाही, तेव्हा तिथून +९१ च्या जागी शून्य लावायचं, परदेशचा असेल तर + च्या जागी ०० (शाळेच्या फोनला ती सोय असेल तर). एवढं ऑफिसच्या फोनजवळ चिकटवलं आहे. एक्स्टेंशन वेगळ्या रकान्यात. दहा चौकोन आखणाऱ्यांनी सगळे पालक भारतातच राहतात असं धरून चाललेलं दिसतं. नाशिकमधून आखाती देशांत, जहाजावर कामाला गेलेले किती बाप आहेत ते आपल्या गावातच बघा की. निदान आपल्या वहीत तरी त्यांना जागा असावी.

हे सगळं शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग १०९८ ला पण +९१ लावायचं का?" भिंतीवर रंगवलेले १०९८ आणि ११२ त्यांना पाठ आहेत. नाही लावायचं. हे छोटे नंबर जिथे उभे आहोत तिथलेच असतात. टेलच्या नियमात अशा नंबरासोबत तो कोणत्या भागातला हे वेगळं लिहावं लागतं, कारण नुसत्या आकड्यांवरून ते कळणार नाही. आणि ११२ मोबाइलवर परदेशात दाबलं, तर तिथली मदत येते. म्हणजे दुबईतल्या वडिलांनी घाबरून ११२ लावलं तर फोन दुबईच्या मदतकेंद्राला जाईल, इकडे नाशिकमध्ये आजीकडे कुणी पोचणार नाही.

म्हणून त्या मुलाच्या आईला मी एक कार्ड करून दिलं, वडिलांना फोटो काढून पाठवायला. त्यावर शाळेच्या ऑफिसचा, शेजारच्या काकूंचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याच्या लँडलाइनचा, असे तीन नंबर आहेत. तिन्ही +९१ पासून, इंग्रजी आकड्यांत, शून्य न लावता. त्यांनी तिकडून तिन्ही एकदा लावून बघितले. तिन्ही लागले.